आज कोण जाणार? त्यागाच्या गोष्टी वाचताना

एकचक्रा नगरीतल्या एका घरात रडारड चाललेली आहे. बकासुराकडे जायची बारी आज या घरावर आली आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते हाकत घेऊन जाणारा माणूस, असं मिळून त्या राक्षसाचं एक जेवण होतं. घरात चौघं आहेत: आई, बाप, मुलगी आणि एक लहानगा मुलगा. कोणीतरी एक जायलाच हवं.

महाभारताच्या आदिपर्वातला हा प्रसंग लहानपणी आपल्याला भीमासाठी सांगितला जातो. भीम गाड्यावरचा भात स्वतःच खात बसतो, राक्षस पाठीत बुक्क्या घालतो, भीम वळूनही बघत नाही, आणि ऐकणारी मुलं खदखदून हसतात. पण भीमाचं नाव निघण्याआधी त्या घरात जी बोलणी होतात, ती मला या गोष्टीचा गाभा वाटतात. बाप म्हणतो, बायकोला पाठवू शकत नाही, मुलांना पाठवू शकत नाही, आणि मी गेलो तर तुम्ही उघड्यावर पडाल. बायको म्हणते, मला मुलं झाली, माझा संसार भरून पावला, मी जाते. मुलगी म्हणते, नाहीतरी मला एक दिवस देऊनच टाकणार आहात, मग आजच द्या. आणि बोबडं बोलणारं ते पोर गवताची काडी उचलून सांगतं, मी हिनेच राक्षसाला मारतो.

तिघं मोठी माणसं, आणि प्रत्येकाकडे आपणच का मरावं याचं बिनतोड कारण तयार आहे. मुलीचं वाक्य तर काळजात घुसतं, कारण तिला ते शोधावं लागलं नाही. घरात आपली किंमत काय ते तिला आधीपासून ठाऊक आहे. एकट्या लहान मुलाला मात्र वेगळंच सुचतं. कोण जाणार हे ठरवण्यापेक्षा राक्षसच संपवला तर काय? म्हणूनच त्याच्या बोबड्या बोलावर रडणारी माणसंही हसतात. पुढे भीम जे करतो ते या पोराने आधीच सांगून ठेवलेलं आहे.

मग कुंतीशी बोलताना त्या घरधन्याच्या तोंडून खरी परिस्थिती कळते. या मुलखाला राजा आहे, पण तो दुबळा आहे. परचक्रापासून राखण राक्षसच करतो आणि त्या राखणीचा मोबदला म्हणून रोज एक माणूस घेतो. एका ठरलेल्या व्यवस्थेचा हा हप्ता आहे. व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळी चर्चा आज कोणाचा नंबर यावरच.

पुस्तकांतल्या आणि सिनेमांतल्या त्यागाच्या गोष्टींनी आपण हमखास हलतो. मीही हलते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण या गोष्टी ऐकताना आपलं लक्ष जाणाऱ्यावर खिळून राहतं. त्याला पाठवलं कोणी, त्याच्या जाण्याने भलं कोणाचं झालं, आणि तो गेल्यावर मागणी थांबली की उद्या पुन्हा गाडा निघणार, हेही विचारलं की तीच ओळखीची गोष्ट वेगळी दिसायला लागते. हे विचारायचं कसं, ते समजावण्यासाठी हा लेख आहे.

एक जुनं पण फार कामाचं साधन आहे. आंरी ह्युबेर आणि मार्सेल मोस या दोन फ्रेंच अभ्यासकांनी १८९९ साली बळी देण्याच्या प्रथेवर एक मोठा निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी मुख्यतः आपल्याकडचे वैदिक यज्ञविधी आणि ज्यूंचे धर्मग्रंथ अभ्यासले. त्यातली मांडणी आपल्याला सहज कळते, कारण त्यातली माणसं आपल्या ओळखीची आहेत. एक यजमान असतो, त्याच्या नावाने सारं चालतं आणि फळही त्यालाच मिळायचं असतं. दुसरा पुरोहित, जो प्रत्यक्ष कृती करतो. तिसरा तो, ज्याचा जीव जातो. कुठलीही त्यागाची गोष्ट घ्या आणि या तीन जागांवर कोण कोण बसलंय ते बघा. जिथे ठरवणारा आणि जाणारा एकच माणूस असतो, तिथे आपण नमस्कार करतो. जिथे तिन्ही जागांवर वेगवेगळी माणसं असतात, तिथे गोष्ट सांगणाऱ्याला फार कसरत करावी लागते.

तिन्ही जागा स्वच्छ वेगळ्या दिसणारी गोष्ट ऐतरेय ब्राह्मणात आहे. राजा हरिश्चंद्राला मूल नाही. वरुणाला तो नवस बोलतो, मुलगा दे, तुलाच अर्पण करीन. रोहित जन्मतो आणि राजा टाळाटाळ सुरू करतो: दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दात पडू देत, शस्त्र धरता येऊ दे. शेवटी रोहित रानात निघून जातो आणि वरुणाचा कोप राजाच्या पोटात रोग होऊन बसतो. रानात रोहितला अजीगर्त नावाचा भुकेकंगाल ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. शंभर गायींच्या बदल्यात एक मुलगा द्यायला तो तयार होतो. थोरल्याला बाप सोडत नाही, धाकट्याला आई सोडत नाही, म्हणून मधला शुनःशेप विकला जातो. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापच आणखी शंभर गायी घेऊन त्याला बांधतो. मारायला कोणी धजेना, तेव्हा पुन्हा शंभर गायी घेऊन बापच शस्त्र परजत येतो.

फळ राजाला, शस्त्र बापाच्या हातात, जीव मधल्या मुलाचा. कुठेही सारवासारव नाही. आणि याच गोष्टीत बांधलेला मुलगा बोलतो. तो स्वतः देवांची स्तुती करतो, एकेक पाश सुटत जातो, राजाचा रोगही बरा होतो. नंतर बाप त्याला परत बोलावतो, तेव्हा तो सुनावतो की तीनशे गायी तुला माझ्यापेक्षा मोठ्या वाटल्या. तो घरी जात नाही. विश्वामित्र त्याला आपला मुलगा मानतो. इतक्या जुन्या ग्रंथात बळीला स्वतःचा आवाज आहे, याचं मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटतं.

आपल्या मनातला हरिश्चंद्र मात्र हा नव्हे. आपला हरिश्चंद्र सत्यवचनी, स्वप्नातल्या दानालाही जागणारा, डोंबाघरी पाणी भरणारा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढला तो याच्यावर, आणि त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केलं. या हरिश्चंद्राची कसोटी विश्वामित्र घेतो आणि दक्षिणा भागवायला राजा बायकोला विकतो. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. मार्कंडेय पुराणात 'मला विका' हे राणी स्वतःच सुचवते आणि ते ऐकून राजा मूर्च्छित पडतो. हे तिच्या तोंडी घालणं भागच होतं, असं मला वाटतं. राजाने आपण होऊन बायको बाजारात उभी केली असती, तर तो सत्यवचनी राहिला असता, पण ऐकणाऱ्याच्या मनातून उतरला असता. तिच्या होकारावर त्याचं मोठेपण उभं आहे.

एकदा हे दिसलं की जागोजागी दिसतं. शिवलीलामृतातली श्रियाळ आणि चांगुणेची कथा घरोघरी माहीत आहे. अतिथी म्हणून आलेला शंकर पोटच्या पोराचं मांस मागतो, चांगुणा चिलयाचं डोकं उखळात कांडते, आणि चिलयाही मागे हटलेला नसतो. बायबलमध्ये अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर निघतो तेव्हा इसहाक एकच प्रश्न विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, मग कोकरू कुठे? त्यानंतर तो काही बोलत नाही. कुराणात तोच प्रसंग येतो तेव्हा बाप मुलाला स्वप्न सांगून त्याचं मत विचारतो आणि मुलगा म्हणतो, तुम्हाला आज्ञा झाली आहे तसं करा. आमच्या नागपूरच्या मोमिनपुऱ्यात बकरी ईदला याच प्रसंगाची आठवण होते. जगभरच्या सांगणाऱ्यांना ही अडचण जाणवलेली आहे: ज्याला विचारलंच नाही त्याचं मरण ऐकवत नाही. म्हणून कुठे त्याला विचारलं जातं, कुठे तो आपणहून हो म्हणतो, आणि शेवटी देव हात धरून मेंढा पुढे करतो किंवा मूल जिवंत करून देतो.

होकार नसताना गोष्ट काय करते, हे बघायचं असेल तर आजीच्या तोंडून श्रावणात ऐकलेली शीतला सप्तमीची कहाणी आठवा. राजाने तळं खोदलं, पाणी लागेना. जलदेवतेने सुनेचा थोरला मुलगा मागितला. राजाला प्रश्न पडला की सून कशी कबूल होणार. मग युक्ती निघाली: सुनेला माहेरी धाडायचं आणि मुलाला ठेवून घ्यायचं. मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, कोरड्या तळ्यात पलंगावर निजवलं. पाणी भरलं. सून परतताना तळ्याशी थांबून व्रताची पूजा करते आणि तिला तिचं मूल परत मिळतं.

साठा उत्तरांची ही कहाणी आपण पाचा उत्तरी सफळ संपूर्ण म्हणून सोडून देतो. पण एवढ्याशा कहाणीत केवढा खरेपणा आहे! आईने हो म्हटलं असं खोटं ती सांगत नाही. गावाला पाणी मिळावं म्हणून एका बाईला न विचारता तिचं मूल घेतलं गेलं, आणि तिला मुद्दाम दूर ठेवलं गेलं, हे ती स्पष्ट सांगते. ही कहाणी बायकांनी बायकांना सांगितलेली आहे. मूल परत मिळतं ते राजाच्या पश्चात्तापाने नव्हे, आईच्या हातच्या पूजेने. विदर्भातल्या उन्हाळ्यात कोरडी विहीर बघितलेल्या कोणालाही राजाची निकड कळेल, आणि तरीही कहाणी सुनेच्या बाजूने उभी राहते.

सिनेमाकडे वळायचं तर एकच उदाहरण पुरे, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. 'शोले' १९७५ चा. जय प्रत्येक वेळी नाणं उडवतो आणि नाणं सांगेल तसं दोघं वागतात. पुलाजवळ कोण थांबणार हेही नाणंच ठरवतं, आणि जय थांबतो. तो मेल्यावर वीरूच्या हाताला नाणं लागतं तेव्हा कळतं, दोन्ही बाजूंना छाप एकच. सलीम-जावेद यांच्या या पटकथेने एवढ्याशा वस्तूत त्यागाची सगळी अट बसवली आहे. आपल्याला नशीब वाटत होतं तो निर्णय होता, आणि पळून जायची वाट जयला शेवटपर्यंत मोकळी होती. त्याच्या जाण्याची किंमतही आपण आधी पाहून ठेवलेली असते: संध्याकाळी तो माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या ओसरीत राधा एकेक दिवा मालवत जाते. विधवा राधाचं आयुष्य पुन्हा सुरू होणार अशी आशा लागते, तेवढ्यात जय मरतो. राधाला कोणी विचारलं नव्हतं. तिने बंद केलेली खिडकी पडद्यावर काही क्षणच दिसते, पण त्यागाचं अर्धं बिल तिच्या नावावर निघालेलं असतं.

विचारलंच नाही असं कोणीतरी या गोष्टींत बहुतेक वेळा सापडतं. पुढच्या गोष्टी वाचताना त्या माणसाला शोधत चला.

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर येतं. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी इथे शेवटचा श्वास घेतला, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी. त्यांचं 'एकच प्याला' रंगमंचावर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. गंधर्व मंडळीच्या प्रयोगात सिंधू झाले होते बालगंधर्व. मराठी माणसाच्या मनातली त्यागी बायको घडवण्यात सिंधूचा वाटा फार मोठा आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसवत नाही, तळीराम प्याला पुढे करतो, आणि तिथून उतरण सुरू होते. सनद जाते, पैसा जातो, मान जातो. सिंधू दळणं दळून घर चालवते. माहेरचा आधार असूनही ती नवऱ्याचं घर सोडत नाही. नशेत सुधाकरच्या काठीने त्यांचं तान्हं मूल मरतं. सिंधूही मरते, आणि मरतानाही नवऱ्यावर बालंट येऊ देत नाही. सुधाकर शेवटचा प्याला विष घालून पितो.

आता तीन जागा भरून बघा. काठी सुधाकरच्या हातात. जीव मुलाचा आणि सिंधूचा. फळ कोणाला? कोणालाच नाही. सुधाकर वाचत नाही, मूल वाचत नाही, घर वाचत नाही. गडकऱ्यांनी हे लपवलेलं नाही. सिंधूच्या सहनशीलतेने दारू सुटते असं त्यांनी दाखवलं असतं तर नाटक गोड झालं असतं आणि खोटंही. त्यांनी शेवटपर्यंत नेऊन दाखवलं की एकीने कितीही सोसलं तरी दुसऱ्याचा प्याला तिच्या सोसण्याने रिकामा होत नाही.

बिघडलं ते पुढे. कितीतरी नाटकांनी आणि कौटुंबिक चित्रपटांनी सिंधूचं सोसणं उचललं आणि त्याला शेवटी बक्षीस जोडलं. सून छळ सोसते, सगळं देऊन टाकते, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सासूला पश्चात्ताप होतो, नवरा रडतो, सनई वाजते. अशा गोष्टीत सोसणं हा सुखाचा आगाऊ भरलेला हप्ता होऊन बसतो. समोर बसलेल्या बायका रडतात ते भाबडेपणाने, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं मुळीच पटत नाही. त्या स्वतःचं ओळखून रडतात. चूक असलीच तर त्या ओळखीला खोटा शेवट विकणाऱ्यांची आहे.

त्याग म्हणून जे सांगितलं जातं ते सगळं दिलेलंच असतं असं नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनाच्या वेळी गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला, लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली, आणि ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लहान मुलं फार होती. ती माणसं काही द्यायला आली नव्हती, आपला हक्क मागायला आली होती. दरवर्षी त्या दिवशी स्मारकाशी फुलं वाहायला येणारे नातेवाईक त्यांना शहीद म्हणतात, आणि तो मान त्यांनी आपल्या माणसांना द्यावा हे योग्यच आहे. पण आपण बाकीच्यांनी बलिदान म्हणून हात जोडले आणि पुढे निघून गेलो, तर माणसं मेली कशी हा प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही. कथेत असो वा रस्त्यावर, एखाद्या मरणाला त्याग म्हटलं की यजमान आणि पुरोहित यांच्या जागा अंधारात जातात.

अंधारात गेलेल्या त्या जागांवर उजेड पाडणारं एक संस्कृत नाटक नागपूरकरांनी तरी आवर्जून वाचायला हवं. सातव्या शतकातल्या हर्षाचं 'नागानंद'. नांदीत बुद्धाला वंदन आहे आणि कथा नागांची आहे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना नाग लोकांचा आणि इथल्या नाग नदीचा उल्लेख केला होता, हे लक्षात ठेवून हे नाटक वाचलं की वेगळंच भिडतं.

गरुड नागांचा संहार करतो आहे. नागराजा वासुकी तह करतो: रोज एक नाग आम्ही आपणहून पाठवू. एकचक्रेचाच करार. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन नुकताच लग्न होऊन मलय पर्वतावर फिरतो आहे. त्याला पांढरे ढीग दिसतात. जवळ जाऊन बघतो तर ती नागांची हाडं. त्या दिवशी शंखचूड नावाच्या नागाची बारी आहे आणि त्याची म्हातारी आई आक्रोश करते आहे. तुझ्याऐवजी मी जातो, असं जीमूतवाहन सांगतो. आणि इथे नाटक फार मोठं होतं, कारण शंखचूड आणि त्याची आई, दोघंही नकार देतात. आई म्हणते, तूही मला मुलासारखाच. आपला जीव वाचत असताना दुसऱ्याचा जीव घ्यायला ती तयार नाहीत.

बळी म्हणून शिळेवर बसणाऱ्याने लाल वस्त्र पांघरायचं अशी खूण असते. शंखचूड देवदर्शनाला जातो तेवढ्यात सासरहून जीमूतवाहनासाठी लाल वस्त्रांची जोडी येते. लग्नाच्या आहेराचं ते कापड अंगावर घेऊन तो शिळेवर बसतो. गरुड त्याला उचलतो, खाऊ लागतो, आणि हा तडफडत कसा नाही म्हणून थबकतो. शंखचूड धावत येऊन सांगतो, तू चुकीचा माणूस खाल्लास. गरुड शरमतो, स्वतःला जाळून घ्यायला निघतो. मरणाच्या दारातला जीमूतवाहन त्याला सांगतो, जळून काय होणार? यापुढे मारणं सोड. गरुड तसं वचन देतो. गौरी जीमूतवाहनाला उठवते, अमृताचा पाऊस पडतो, आणि हाडांच्या ढिगांतून आधी मेलेले सगळे नाग जिवंत होतात.

ही गोष्ट मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मुलांना सांगते. एकदा मी वासुकीच्या तहापर्यंत आले होते, तेवढ्यात एका मुलीने मला अडवलं. "ताई, पन त्या गरुडाले कोनी काहून नाही म्हनलं, का बाप्पा तू दुसरं काही खा म्हनून?" एकचक्रेतल्या त्या गवताच्या काडीवाल्या पोराच्या जातीचा हा प्रश्न. मी तिला म्हटलं, हेच म्हणायला पुढे एक जण येतो.

शंखचूडाच्या जागी दुसरा कोणी गेला असता तर तो एक हप्ता भरला असता. जीमूतवाहन जातो तेव्हा करारच मोडतो. माझ्या मते त्यागाच्या गोष्टी पारखताना हा सगळ्यात मोठा फरक आहे. एक उणीवही सांगायला हवी: नव्या नवरीला, मलयवतीला, त्याने काही विचारलेलं नाही. ती सासू-सासऱ्यांबरोबर येते तेव्हा पाहते ते नवऱ्याचं अर्धं खाल्लेलं शरीर.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे रमाईवरची पुस्तकं मांडलेली असतात. बाबासाहेबांची पत्नी रमाई आमच्या शहराच्या घराघरात आहे. तिच्यावरची नाटकं, एकपात्री प्रयोग, गाणी ऐकताना माणसं ढसाढसा रडतात. पाच मुलांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, नवरा शिकायला परदेशी, घरात चणचण. २७ मे १९३५ ला ती गेली. तिच्यावरच्या कथा मला फार जवळच्या आहेत, म्हणूनच एक आग्रह धरते. तिच्या हालांची यादी करून थांबू नका. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या, म्हणजे रमाईच्या, स्मृतीला अर्पण केला, त्यात तिच्या मनाचा चांगुलपणा आणि शील यांच्यासोबत तिचं शांत धैर्य आणि मित्रहीन, ओढाताणीच्या दिवसांत आपल्यासोबत दुःख सोसायची तिची तयारी यांची नोंद आहे. ज्याला मिळालं त्याने स्वतःच्या हाताने ऋण लिहून ठेवलं. त्यागाच्या किती गोष्टींत असं होतं? तिच्यावर लिहिणाऱ्याने तिचं धैर्य आधी ठेवावं, गोवऱ्या आणि फाटकं लुगडं त्यामागून यावं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं सगळं सांगत आले.

सिद्धार्थाचं गृहत्यागाचं चित्र आपण लहानपणापासून बघतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतात. रात्री यशोधरा आणि राहुल झोपलेले असताना तो दारातून एकदा बघतो आणि कंथक घोड्यावर बसून निघून जातो. शेकडो वर्षं शिल्पांत, चित्रांत, कवितांत हीच रात्र आहे. बाबासाहेबांना ती पटली नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालं, त्याच्या प्रस्तावनेत ते पहिलाच प्रश्न हा घेतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी कधी म्हातारा, रोगी, मेलेला माणूस पाहिलाच नसेल? हे बुद्धीला पटत नाही.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी, दोघंही तिच्या पाण्यावर शेती करणारे, आणि पाणी आधी कोणी घ्यायचं यावर भांडण. शाक्यांचा कारभार चालवणाऱ्या संघाच्या सभेत त्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो: युद्धाने प्रश्न सुटत नाही, दोन्हीकडचे लोक निवडून त्यांच्याकडून तोडगा काढा. मतदानात तो हरतो. सैन्यात जायलाही तो नकार देतो. मग संघ त्याला शिक्षा सांगतो: फाशी किंवा देशत्याग, घरच्यांवर बहिष्कार, जमिनीची जप्ती. सिद्धार्थ म्हणतो, घरच्यांना हात लावू नका, गुन्हा माझा आहे, शिक्षा मला द्या. सेनापतीला भीती असते की फाशी किंवा हद्दपारी दिली तर कोसलचा राजा जाब विचारेल. तेव्हा सिद्धार्थच मार्ग सुचवतो की मी परिव्राजक, म्हणजे घरदार सोडून हिंडणारा संन्यासी, होतो आणि देश सोडतो.

तीन जागा बघा. सभेला हजारो शेतकऱ्यांचे जीव नदीच्या पाण्यासाठी द्यायचे आहेत, तेही बहुमताने. सिद्धार्थ त्या यज्ञाला नाही म्हणतो आणि त्या नकाराची किंमत स्वतः भरतो. बाकी कोणी ती भरू नये याची तजवीजही करतो.

मग तो घरी येतो. आई-बाप रडतात. तो यशोधरेच्या दालनात जातो आणि तिथे काही क्षण त्याला बोलताच येत नाही. तीच आधी बोलते. तुमच्या जागी मी असते तर मीही कोलीयांवरच्या युद्धात सामील झाले नसते, असं ती सांगते. तुमचा निर्णय योग्य आहे. मीही तुमच्याबरोबर परिव्रज्या घेतली असती, पण राहुलला सांभाळायचं आहे. आई-वडिलांची आणि मुलाची काळजी करू नका. ती मोडून पडत नाही, आणि गोष्ट तिला झोपेतही ठेवत नाही. तिच्यासमोर सगळं मांडलं जातं, ती विचार करते, मत देते, आणि आपल्या राहण्याचं कारणही स्वतःच सांगते. तारामतीसारखा नायकाला तारणारा होकार हा नाही, कारण युद्धाबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं आहे. मी ही पानं मुलांना मोठ्याने वाचून दाखवते तेव्हा मुली कान देऊन ऐकतात.

पुढे सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक त्याला भेटायला येतात आणि बातमी देतात. तो गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध निदर्शनं झाली, लोकांचं मत फिरलं, दोन्ही बाजूंनी माणसं नेमून समझोता केला. लढाई टळली. आता घरी परत जायला हरकत नाही, असं ते त्याला सांगतात. सिद्धार्थाला आनंद होतो, पण तो विचारात पडतो. शाक्य आणि कोलीयांचं भांडण मिटलं. पण राजा आणि राजा, आई आणि मुलगा, बाप आणि मुलगा, भाऊ आणि बहीण, सोबती आणि सोबती यांच्यात चाललेला झगडा तर रोजचाच आहे. घर सोडताना युद्ध हा प्रश्न होता. आता हा दुसरा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो आणि त्याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नसतं. कपिलवस्तूची वाट मोकळी आहे, शिक्षा संपलेली आहे, कोणी काही मागत नाही. तो पाचही जणांचा निरोप घेतो आणि शिकायला निघतो, आधी आळार कालामाच्या आश्रमाकडे.